पेट्राचं पाणी

पेट्राला जायचं म्हटलं की ग्रुपमधून पहिला प्रश्न हमखास येतो, "म्हणजे ते इंडियाना जोन्सवालंच ना?" हो, तेच. १९८९ साली आलेल्या 'इंडियाना जोन्स अँड द लास्ट क्रुसेड'मधे ज्या गुलाबी दगडी दारात हॅरिसन फोर्ड शिरतो, ते पेट्राचं खजने. खजने म्हणजे आपला खजिनाच, शब्द तोच. सिनेमात त्या दारामागे सापळे, भुयारं आणि पवित्र प्याला वगैरे आहे. खऱ्या दारामागे एक मोठी चौकोनी खोली, बाजूला लहान खोल्या आणि गार सावली. बस्स.

प्रॉजेक्टच्या निमित्तानं अम्मानमधे अडकलेले आम्ही अकरा जण एका शुक्रवारी मिनीबस ठरवून पेट्राला जाऊन आलो. (जॉर्डनमधे वीकेंड शुक्रवार-शनिवार असतो.) अंतर सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर, डेझर्ट हायवेनं तीन तास. पहाटे निघायचं, नऊपर्यंत तिकिटाच्या खिडकीवर आणि दुपारी चारला ड्रायव्हर हॉर्न वाजवणार. म्हणजे हातात सात तास. पेट्राचं संरक्षित क्षेत्रच २६४ चौरस किलोमीटर आहे. सात तासात त्यातलं काय बघायचं यावर बसमधे जे व्हायचं ते झालं. निम्म्यांना खजनेपाशी फोटो काढून उंटावर बसायचं होतं, दोघांना आठशेच्या वर पायऱ्या चढून अद-देर नावाची वरची वास्तू गाठायची होती, एकाला फक्त जेवणाची काळजी.

आणि आमच्यात एक सिव्हिलवाला होता. बाकी आम्ही सगळे सॉफ्टवेअरवाले. त्याचा खिडकीतून बाहेर बघत एकच धोशा, "अरे, पण हे लोक पाणी कुठून आणत होते?"

सुरुवातीला सगळे हसले. पण बाहेर बघितलं तर प्रश्न अगदी बरोबर होता. नजर पोचेल तिथपर्यंत मातकट रंग, झाड नाही की झुडूप नाही. पेट्राच्या परिसरात वर्षाला पाऊस पडतो तो दीडशे मिलिमीटरच्या आसपास. मुंबईत जुलैमधला एखादा वाईट दिवस तेवढा पाऊस पाडून मोकळा होतो. आणि अशा जागी, भरभराटीच्या काळात, वीस-तीस हजार माणसं राहत असावीत असा अभ्यासकांचा अंदाज आहे. एवढ्या लोकांना प्यायला, रांधायला, जनावरांना आणि व्यापारी तांड्यांच्या उंटांना पाणी लागणार. ते रोज लागणार.

परत आल्यावर मी या विषयावर बरंच वाचलं आणि माझं मत असं झालं की पेट्रा ही आधी एक पाणीव्यवस्था आहे. शहर तिच्यावर बसलेलं आहे, आणि ते कोरीव दर्शनी भाग म्हणजे त्या व्यवस्थेच्या जोरावर कमावलेल्या पैशाची हौस. ही व्यवस्था साफसूफ करणारे हात कमी झाले तसं शहर ओसरत गेलं. त्याचा पुरावा तिथे पायाखालीच आहे. तिथवर येतोच, पण आधी थोडं मागे जाऊ.

*

पेट्रा वसवणारे नबाती लोक म्हणजे मुळात उंट-मेंढ्या पाळणाऱ्या अरब टोळ्या. इतिहासात त्यांचा पहिला ठळक उल्लेख येतो तो इ.स.पू. ३१२ च्या प्रसंगात. अलेक्झांडर मेल्यावर त्याच्या सरदारांत राज्यासाठी हाणामारी चालली होती. त्यातल्या अँटिगोनसनं नबात्यांवर फौज पाठवली. डायोडोरस या ग्रीक इतिहासकारानं ही हकिगत सांगितली आहे आणि तिच्यात लढाईपेक्षा नबात्यांचं वर्णनच जास्त मजेशीर आहे. हे लोक धान्य पेरत नाहीत, फळझाडं लावत नाहीत, दारू पीत नाहीत, घरं बांधत नाहीत. यातलं काही केलं तर शिक्षा थेट मृत्यूची! का? तर ज्याच्याकडे शेत आणि घर असतं त्याला ते टिकवण्यासाठी बलदंड माणसापुढे वाकावं लागतं. ज्याच्याकडे काहीच नाही तो उठून वाळवंटात निघून जातो.

पण वाळवंटात निघून जायचं तर तिथे पाणी हवं. त्याची सोय त्यांनी आधीच करून ठेवलेली असायची. जमिनीत किंवा मऊ दगडात ते टाकं खोदत. तोंड अगदी लहान आणि आत जावं तसं रुंद होत गेलेलं, तळाशी पार शंभर फुटांपर्यंत लांब-रुंद, असं डायोडोरस म्हणतो. पावसाच्या पाण्यानं ते भरलं की तोंड बुजवून जमीन आजूबाजूसारखी करून टाकायची आणि फक्त आपल्याच माणसाला कळेल अशी खूण ठेवायची. पाठलाग करणारी फौज पाण्यावरून चालत जायची आणि तहानेनं परत फिरायची. पासवर्ड लावलेलं पाणी म्हणा ना :)

गडांवर फिरणाऱ्या मंडळींना टाकं काय चीज असते ते सांगायला नको. उन्हाळ्यात गड चढून गेल्यावर पहिली नजर टाक्याकडे जाते, त्यात पाणी आहे ना, असलं तर प्यायला चालेल ना. नबात्यांचं सगळं राजकारण आणि सगळा व्यापार असल्या टाक्यांवर उभा होता.

व्यापार कसला, तर धूप आणि हिराबोळ. आजच्या येमेन-ओमानच्या बाजूला झाडांच्या डिंकापासून मिळणारे हे सुगंधी पदार्थ भूमध्य समुद्राकडच्या देवळांत आणि अंत्यविधींत मणांनी जाळले जायचे. रोमन लेखक प्लिनीनं या वाटेचा हिशोबच दिला आहे. येमेनमधल्या थोम्नापासून गाझापर्यंत उंटाचे ६५ मुक्काम. वाटेत इथे पाण्याचे पैसे, तिथे चाऱ्याचे, पुढे मुक्कामाचे, शिवाय ठिकठिकाणी जकात. समुद्रकिनारी पोचेपर्यंत एका उंटामागे खर्च ६८८ दिनार. यादीत पाणी आहे हे लक्षात घ्या. वाळवंटात टाकं कुठे आहे हे ज्याला ठाऊक, त्याच्या हाती वाट. आणि वाट ज्याच्या हाती, त्याला पैसा.

इथे आपल्याकडचाही एक धागा आहे. इ.स. पहिल्या शतकाच्या मध्यावर एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्यानं लिहिलेलं 'पेरिप्लस' नावाचं समुद्रप्रवासाचं छोटं पुस्तक आहे. त्यात तांबड्या समुद्रावरच्या ल्युके कोमे नावाच्या बंदराची माहिती येते. तिथून पेट्राला, नबात्यांचा राजा मलिकस याच्याकडे रस्ता जातो, आणि बंदरात येणाऱ्या मालाचा चौथा हिस्सा वसूल करायला अधिकारी बसलेला असतो. म्हणजे चक्क चौथाई! याच पुस्तकात पुढची पानं उलटली की भडोच येतं, सोपारा येतं, कल्याण येतं आणि घाटावरची पैठण आणि तेर येतात. कल्याणच्या धक्क्यावर चढलेली अमुक गोणी पेट्रात उतरली असं काही मी म्हणत नाही. पण त्या काळच्या दर्यावर्दी व्यापाऱ्याच्या डोक्यातल्या एकाच नकाशात पेट्रा आणि पैठण दोन्ही होती, हे वाचून मला फार बरं वाटलं.

पैसा आला आणि माणसं बदलली. घर बांधलं तर देहदंड म्हणणाऱ्या लोकांची तीनेकशे वर्षांनंतरची राजधानी स्ट्रॅबो हा भूगोलकार सांगतो ती अशी: दगडी महागडी घरं, वापरायला आणि बागांना भरपूर पाणी, परदेशी लोकांची वर्दळ. पेट्रात राहून आलेल्या त्याच्या मित्राला एका गोष्टीचं नवल वाटलं होतं. कोर्टात रोमन आणि इतर परदेशी एकमेकांशी आणि स्थानिकांशी भांडत असायचे, पण स्थानिक लोक आपापसात कधीच खटला लढवत नसत. नबात्यांनी तंबू सोडला, दारूबंदी सोडली, राजा आला, नाणी आली. टाकं मात्र सोडलं नाही. उलट ते वाढवत वाढवत अख्खं शहर त्या हिशोबानं आखलं.

*

आता प्रत्यक्ष चालायला लागू. तिकिटाच्या खिडकीपासून साधारण पाऊण किलोमीटर उघड्या वाटेनं गेलं की सिकचं तोंड येतं. सिक म्हणजे डोंगराला पडलेली उभी चीर. लांबी १.२ किलोमीटर, काही ठिकाणी रुंदी जेमतेम तीन मीटर, दोन्ही बाजूंना ऐंशी मीटर आणि त्याहून उंच भिंती. शहरात शिरायचा मुख्य रस्ता हाच. शत्रूसाठी उत्तम अडचण. पण पाण्याच्या बाबतीत ही जागा भयंकर आहे. कारण वरच्या डोंगरांतून येणारा वादी मूसा हा ओढा नैसर्गिक उतारानं नेमका या चिरेतच घुसतो. वाळवंटातला पाऊस वर्षात थोडा पडतो, पण पडतो तेव्हा तासाभरात. उघडा खडक पाणी शोषत नाही. सगळं पाणी एकदम ओढ्यात, आणि ओढा तीन मीटर रुंदीच्या बोळात.

म्हणजे पेट्राच्या इंजिनिअरपुढे एकाच जागी दोन उलट कामं होती. रोज थोडं पाणी शहरात आणायचं, आणि वर्षातून एखाद्या दिवशी येणारं प्रचंड पाणी शहराबाहेर ठेवायचं. दोन्हीपैकी एक जरी चुकलं तरी माणसं मरणार. एकात तहानेनं, दुसऱ्यात बुडून.

दुसऱ्या कामाचं उत्तर सिकच्या तोंडाशीच आहे. तिथे त्यांनी आडवा बंधारा घातला आणि उजव्या बाजूच्या डोंगरातून सुमारे ९० मीटर लांबीचा बोगदा खोदून ओढाच वळवला. पाणी त्या बोगद्यातून पलीकडच्या घळीत जातं आणि डोंगराला वळसा घालून शहराच्या खालच्या बाजूला निघतं. आजूबाजूच्या कपारींतून सिकमधे कोसळणाऱ्या लहान ओहोळांवरही छोटे छोटे बांध घातले. जवळपास सगळे ग्रुप हा बंधारा ओलांडून सरळ पुढे जातात, कारण सगळ्यांना खजनेची घाई झालेली असते. आमचा सिव्हिलवाला मात्र बोगद्याच्या तोंडाशी अर्धा तास हलायला तयार नव्हता. शेवटी दोघांनी त्याला दंडाला धरून ओढत आणला.

पहिल्या कामाचं उत्तर सिकच्या भिंतींवर आहे. आत शिरल्यावर दोन्ही बाजूंना बघा. डाव्या हाताला खडकात कोरलेला चर आहे, तो वरून दगडी फरशांनी झाकलेला असायचा. उजव्या हाताला खडकातच कोरलेल्या खाचेत बसवलेले भाजक्या मातीचे नळ, म्हणजे आपले खापरी नळ, काही तुकडे अजून जागच्या जागी आहेत. पाणी यायचं ते डोंगरावरच्या आइन मूसा या झऱ्याकडून. मधे मधे कुंड्या आहेत.

खापरी नळाचा एक त्रास असतो. नळाचे तुकडे लहान, त्यामुळे सांधे शेकड्यानं. नळ काठोकाठ भरून वाहिला की आत दाब येतो आणि प्रत्येक सांधा पाझरायला लागतो. चार्ल्स ऑर्टलॉफ या अभियंत्यानं पेट्राच्या पाणीपुरवठ्यावर २००५ साली एक सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात त्यानं दाखवलं आहे की सिकमधल्या नळाचा उतार असा ठेवला आहे की पाणी नळ पूर्ण न भरता, वर हवेची जागा राखून वाहावं. म्हणजे दाब नाही, म्हणजे गळती कमी. दोन हजार वर्षांपूर्वी, दुर्बिणीची लेव्हल नाही, कॅलक्युलेटर नाही, आणि एक किलोमीटरच्या वर खडकाच्या कडेनं इतका नेमका उतार. मी आयुष्यभर दुसऱ्यानं लिहिलेला कोड दुरुस्त करत आलो आहे. डिझाईन करणाऱ्यानं सांधे गळणार हे गृहीत धरून डिझाईन केलंय, हे बघून मला गहिवरूनच आलं.

सिकमधेच भिंतीवर एक व्यापारी तांडा कोरलेला आहे. उंट आणि त्यांना चालवणारी माणसं. वरचा भाग झिजून गेलाय, पण पाय शाबूत आहेत. का शाबूत राहिले? कारण ते पुरानं आणलेल्या गाळात गाडलेले होते. १९९० च्या दशकात सिकच्या तळातला गाळ उपसला तेव्हा ते बाहेर आले.

हा गाळ लक्षात ठेवा.

*

सिक संपते आणि फटीतून एकदम खजने दिसतं. त्याबद्दल इतकं लिहिलं गेलंय की मी नवीन काय लिहिणार? उंची चाळीस मीटरच्या आसपास. वेरूळच्या कैलासासारखंच वरून खाली कोरत आणलेलं. बहुधा चौथा अरेतास या राजाचं थडगं. त्यानं इ.स.पू. ९ ते इ.स. ४० अशी जवळपास पन्नास वर्षं राज्य केलं आणि नाण्यांवर स्वतःला 'प्रजेवर प्रेम करणारा' म्हणवून घेतलं. वर मधोमध जो दगडी कलश दिसतो त्यावर गोळ्यांच्या खुणा आहेत. आत खजिना आहे या समजुतीनं लोकांनी त्यावर बंदुका झाडल्या होत्या. कलश आतून भरीव दगड आहे.

सगळे मान वर करून फोटो काढत होते. तिथे मान खाली घालण्यासारखंही काही आहे. खजनेच्या पुढ्यात जमिनीला जाळी लावली आहे. खाली, काही मीटर खोल, आणखी थडगी आहेत. २००३ च्या उत्खननात ती सापडली. २०२४ साली खजनेखालचं आणखी एक थडगं उघडलं, त्यात बारा सांगाडे निघाले. म्हणजे नबात्यांच्या काळात इथली जमीन आजच्यापेक्षा काही मीटर खाली होती. आपण ज्या अंगणात उभे राहून फोटो काढतो ते अंगण म्हणजे मुख्यतः पुरानं आणून टाकलेली वाळू आणि दगडगोटे.

आता दोन आणि दोन चार करा. बंधारा आणि बोगदा ठीक असताना इथे पूर यायचं कारण नाही. गाळ साचला तो बंधारा निकामी झाल्यावर, वर्षानुवर्षं, थरावर थर. आमच्या धंद्यात सर्व्हर बंद पडला की आम्ही लॉग फाईल उघडतो. पेट्राची लॉग फाईल ही आहे, काही मीटर जाडीची.

पुढे गेलं की डोंगरातच कोरलेलं थिएटर लागतं. ते कोरताना मागची जुनी थडगी सरळ कापून टाकली आहेत, त्यांची अर्धी भोकं अजून वर दिसतात. मग खांबांचा रस्ता, आणि त्याच्या डाव्या अंगाला एक मोठी मोकळी सपाट जागा. या जागेला विसाव्या शतकातले बरेच अभ्यासक 'खालचा बाजार' म्हणत होते. १९९८ साली ली-अ‍ॅन बेडल या पुरातत्त्वज्ञ बाईंनी तिथे खणलं तर बाजार नव्हताच! होता तो ४३ मीटर लांब आणि २३ मीटर रुंद तलाव, मधे बेटावर मंडप, आणि समोर बाग. दीडशे मिलिमीटर पावसाच्या गावात मध्यवस्तीत पोहण्याजोगा तलाव. तांडा घेऊन साठ दिवस वाळवंट तुडवत आलेल्या व्यापाऱ्यानं हे बघितल्यावर त्याला काय वाटलं असेल? ज्यांच्याकडे उधळायला पाणी आहे, त्यांच्याशी भाव करताना जरा जपूनच बोलावं, असंच ना? आमच्या दिवसभराच्या सहलीत खजने सोडून मला सर्वात जास्त आवडलेली जागा हीच, आणि तिथे एकही माणूस फोटो काढत नव्हता.

*

मग हे सगळं बंद कसं पडलं?

गाईड लोक एका वाक्यात सांगतात, भूकंप झाला. झाला, १९ मे ३६३ ला, आणि मोठा झाला. पण गोष्ट त्याआधी सुरू झाली होती. रोमन जहाजं मोसमी वाऱ्यांवर थेट इजिप्तहून भारतात यायला लागली तशी उंटाची वाट उतरणीला लागली. इ.स. १०६ मधे सम्राट ट्राजननं नबाती राज्य खालसा केलं आणि नव्या प्रांताचा कारभार उत्तरेला बोस्राहून चालू झाला. उत्तरेकडचा व्यापार पाल्मिराकडे गेला. इतकं होऊनही शहर लगेच मेलं नाही. १९९३ साली पेट्रातल्या एका चर्चच्या अवशेषांत जळून कोळसा झालेल्या पपायरसच्या सुमारे १४० गुंडाळ्या मिळाल्या. त्या सहाव्या शतकातल्या आहेत, म्हणजे भूकंपानंतर दोनशे वर्षांनी लोक तिथे जमिनीचे व्यवहार करत होते, कर भरत होते, वारसाहक्काचे कागद करत होते.

म्हणजे एका दिवसात क्रॅश झालेलं शहर हे नव्हे. माझा तर्क असा. बंधारा, बोगदा, शेकडो सांध्यांचा नळ, कुंड्यांतला गाळ, टाक्यांतला गाळ, हे सगळं दरवर्षी साफ करायला माणसं लागतात. ती माणसं पोसायला शहरात पैसा लागतो. पैसा आटला की पहिली काटछाट कशावर होते? जे दिसत नाही त्यावर. खजने कुणी झाडलं नाही तरी दोन हजार वर्षं उभं राहतं. चर दहा वर्षं कुणी झाडला नाही तर भरतो. आणि चर भरला की माणसं एकेक करून पाण्याच्या जवळ, वर झऱ्याच्या बाजूला सरकतात. आज वादी मूसा हे गाव नेमकं तिथेच आहे.

आणि म्हणूनच 'हरवलेलं शहर' हा शब्द मला खटकतो. २२ ऑगस्ट १८१२ ला योहान लुडविग बुर्कहार्ट हा स्विस प्रवासी शेख इब्राहिम असं नाव आणि अरबी वेष घेऊन तिथे पोचला. हारूनच्या डोंगरावर बकरा बळी द्यायचा नवस आहे असं सांगून त्यानं वाटाड्या मिळवला. त्याच्या धाडसाचं कौतुक आहेच. पण वाटाड्या होता, म्हणजे वाट ठाऊक असणारी माणसं होती! हरवलं होतं ते युरोपला. १८४५ साली ऑक्सफर्डच्या जॉन बर्गननं पेट्रावर कविता लिहून बक्षीस मिळवलं. पेट्रा त्यानं तोवर पाहिलेलंही नव्हतं.

त्या गुहांमधे बदूल टोळीचे लोक राहत होते. अगदी १९८० च्या दशकापर्यंत. १९८५ साली पेट्रा युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आलं आणि त्याच सुमाराला सरकारनं बदूल लोकांना जवळच्या टेकडीवर उम्म सैहून नावाची वसाहत बांधून तिथे हलवलं. गुहांमधे राहिलं की नासधूस होते, हे सरकारचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं. पण पुढे २००५ साली युनेस्कोनंच पेट्रा आणि वादी रमच्या बदाऊनी जीवनपद्धतीला मानवजातीचा अमूर्त वारसा म्हणून गौरवलं. आधी घराबाहेर काढायचं आणि मग घरातल्या रीतीभातींचा सत्कार करायचा! असो.

थिएटरच्या पुढे एका आजींच्या टपरीवर आम्ही चहा प्यायलो. ड्रायव्हर सोबत आला होता, तो दुभाष्या झाला. सिव्हिलवाल्यानं अर्थातच पाण्याचं विचारलं. आजी म्हणाल्या, लहानपणी आम्ही इथल्याच टाक्यातलं पाणी भरायचो, पावसाआधी टाकं साफ करणं हे घरचंच काम. आता वर घरात नळ आहे. मग जरा थांबून म्हणाल्या, नळ रोज असतो, पाणी रोज नसतं. जॉर्डनमधे बऱ्याच घरांना नळाचं पाणी आठवड्यातून एखाद-दोन दिवसच येतं, त्यामुळे प्रत्येक गच्चीवर टाक्या असतात. आम्हा मराठी माणसांना हे काही समजावून सांगावं लागलं नाही.

*

हे सगळं जुनं-पुराणं वाटत असेल तर शेवटचा भाग नीट वाचा.

एप्रिल १९६३ मधे अचानक पाऊस झाला आणि ओढा सिकमधे शिरला. त्या वेळी आत फ्रेंच पर्यटकांचा एक ग्रुप होता, आमच्यासारखाच एका दिवसासाठी आलेला. वीसहून अधिक माणसं बुडून गेली. पळायला जागाच नव्हती, दोन्ही बाजूंना ऐंशी मीटरची भिंत. त्यानंतर १९६४ साली जॉर्डनच्या पुरातत्त्व खात्यानं सिकच्या तोंडाशी बंधारा पुन्हा बांधला. कुठे? नबात्यांनी बांधला होता तिथेच. आणि ओढा वळवला तो त्यांच्याच बोगद्यात. विसाव्या शतकातल्या इंजिनिअरांना त्याहून चांगली जागा सापडली नाही.

बंधारा झाला म्हणून काम संपलं असंही नाही. नोव्हेंबर २०१८ मधे पेट्रात पुन्हा लोंढा आला आणि सुमारे ३,७०० पर्यटकांना बाहेर काढावं लागलं. त्या वेळी जॉर्डनभरात पुरानं किमान बारा जणांचा जीव घेतला. डिसेंबर २०२२ मधे पुन्हा तेच, सुमारे १,७०० पर्यटक बाहेर काढले. वर वादी मूसा गाव फुगत चाललंय. डोंगराच्या उतारावर हॉटेलं, रस्ते, पार्किंग. काँक्रीट पाणी पीत नाही. आणि आजूबाजूच्या कपारींतले नबात्यांचे छोटे बांध, डोंगरउतारावरच्या ताली, यातल्या कितीतरी फुटून पडल्या आहेत. त्या कुणाच्याच फोटोत येत नाहीत, त्यामुळे त्यांच्यासाठी पैसा काढणं कठीण. दोन हजार वर्षांपूर्वीही बहुधा असंच काहीसं झालं असणार.

तुम्ही जाणार असाल तर जरूर जा, ग्रुपनं जा, मजा येते. एका दिवसात सगळं होत नाही, पण तेवढाच असेल तरी चालेल. दोन गोष्टी करा. निघायच्या आदल्या रात्री हवामानाचा अंदाज बघा, आणि डोंगराकडे ढग असतील तर सिकमधे शिरण्याचा हट्ट धरू नका, तिकिटाचे पैसे गेले तरी. आणि आत शिरलात की खजने दिसायच्या आधी एकदा थांबून भिंतीतल्या त्या चरावरून हात फिरवा. छिन्नीचे घाव अजून हाताला लागतात.

तेवढं करायला पाच मिनिटं लागतात. सात तासात ती निघतात.